मदत हवी आहे: विहिरीवरचं जुनं प्लगचं इंजिन कोणतं असेल? चालू होईल का?

काठावरचा

नमस्कार मंडळी,

प्रयाग चिखलीत आमच्या जुन्या विहिरीवर दगडी इंजिनखोली आहे. त्यात आबांच्या वेळचं पाणी ओढायचं इंजिन पडून आहे. वीज आली, मोटर बसली आणि त्याला कोपरा मिळाला. 2019 आणि 2021 च्या दोन्ही महापुरांत ते बुडालं होतं. आता खोलीची भिंत कलली आहे, ती उतरवायची आहे, आणि चुलते म्हणतात, "घाल भंगारात, किलोवर जाईल." मला ते घालायचं नाही. जमलंच तर खंडेनवमीला हार घालून चालू करायचं आहे.

दिसतं ते सांगतो. एकच उभा सिलेंडर, त्याच्याभोवती पाण्याचा बिडाचा हौद, वरून उघडा. एका अंगाला जड चाक, दुसऱ्या अंगाला पट्ट्याची पुली. घरात सगळे त्याला 'ऑइल इंजिन'च म्हणतात, पण वर चक्क प्लग आहे आणि बाजूला प्लगला ठिणगी पुरवणारा मॅग्नेटो, त्यामुळे क्रूडवरचं, म्हणजे डिझेलसारखं, नसावं. टाकीत दोन कप्पे, एक अगदी लहान, एक मोठा, आणि खाली तीन तोंडांचा कॉक. पितळी पाटी आहे, पण अर्धी झिजलेली. तिच्यावर इंग्रजी 'डी यू आर एस' एवढी अक्षरं लागतात, पुढचं गेलंय; खाली 'इंग्लंड' स्पष्ट आहे. नंबरचे ठोकलेले आकडे आहेत, पण वाचता येत नाहीत.

पंप वेगळ्या पायावर, दोन इंची सक्शनचा. पट्टा नाही. पुल्या मोजल्या: इंजिनाची 10 इंच, पंपाची 5 इंच.

चाक तसूभरही हलत नाही. एक मेस्त्री येऊन गेला, तो म्हणाला चाकावर घण घातला की सुटेल. मी थांबवलंय.

इंजिन कोणतं, कितपत जुनं, सोडवायचं कसं, आणि रॉकेल मिळत नसताना नुसत्या पेट्रोलवर चालेल का? कोल्हापुरात कुणाकडे न्यावं हेही सांगा.

गुऱ्हाळकर

घण थांबवलात ते बेस केलं. बिडाचं चाक तडकलं तर मग खरंच किलोवर जाईल.

मला तरी हे सातारच्या कूपर कंपनीचं वाटतंय. आमच्या गुऱ्हाळावर होतं.

उद्यमनगरी फिटर

गुऱ्हाळकर, कूपरची इंजिनं आपल्या भागात चरकावर भरपूर होती, पण ती डिझेलची. त्यांना प्लग कशाला असेल? यांच्याकडे प्लग आहे, मॅग्नेटो आहे, दोन कप्प्यांची टाकी आहे. म्हणजे पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचं इंजिन.

पाटीचं सोपं आहे. 'डी यू आर एस' म्हणजे डर्सली. इंग्लंडात ग्लॉस्टरशायरमध्ये ते गाव आहे आणि तिथं आर. ए. लिस्टर कंपनी होती, 1867 सालची. लिस्टर म्हटलं की आपल्याकडे लोकांना दोन मोठ्या चाकांचं, संथ ठोके देणारं डिझेल आठवतं, ज्याच्या नकला राजकोटला निघाल्या. ते वेगळं. तुमचं वर्णन लिस्टरच्या 'डी' मॉडेलशी जुळतं. ते 1926 पासून निघालं आणि पुढं कित्येक वर्षं चाललं, म्हणून नुसत्या मॉडेलवरून साल सांगता येणार नाही. ताकद दीड हॉर्सपॉवर, मिनिटाला 700 फेरे.

तुमच्या पुल्याही तेच सांगतात. इंजिनाचे 700, पुली 10 ला 5, म्हणजे पंपाला 1400 मिळतात. साध्या सेंट्रिफ्यूगल पंपाला एवढेच लागतात. इंजिन आणि पंप बहुतेक एकमेकांचेच असावेत. दोन्ही एकत्र ठेवा.

नंबरसाठी पाटीला तारेचा ब्रश लावू नका, उरलेली अक्षरंही जातील. पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासा, आकडे उमटतील. इंग्लंडातल्या जुन्या इंजिनांच्या हौशी लोकांकडे नंबरवरून साल काढायच्या याद्या असतात, त्यांना फोटो पाठवा.

आता जाम सोडवायचं. लोक गृहीत धरतात की पिस्टनच धरलाय. पुरात बुडालेल्या इंजिनाचं दर वेळी तसंच असतं असं नाही. मॅग्नेटो गिअरवर चालतो, आणि त्याच्या आत पुराचा गाळ बसून तो घट्ट झाला तर अख्खं इंजिन हलत नाही. म्हणून पहिल्यांदा मॅग्नेटो उतरवा. उतरवायच्या आधी गिअरच्या दातांवर खुणा आहेत का बघा, नसतील तर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या, नाहीतर ठिणगीचं टायमिंग लावताना घाम फुटेल. मग चाक हातानं हलवून बघा. नाहीच हललं तर प्लग काढून आत बॅटरीचा उजेड टाका आणि व्हॉल्व्ह कुठल्या स्थितीत आहेत ते पाहा. इंजिन थांबताना जो व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तिथूनच ओल आत गेली असणार.

टाकी आधीच उतरवून लांब ठेवा. आत वास येत नसला तरी.

मळ्यातला म्हातारा

आमच्यात बी असलंच हुतं. ल्हान कप्प्यात पेट्रोल, मोठ्यात रॉकेल. पेट्रोलवर हँडल मारायचं, हौदातलं पाणी हाताला चटका द्याय लागलं की कॉक फिरवायचा. थंड इंजनाला रॉकेल दिलं की पांढरा धूर आन् खोकला. बंद करायच्या आधी परत पेट्रोलवर घ्यायचं, म्हंजी कार्बोरेटरात पेट्रोल ऱ्हातंय आन् सकाळी पयल्या हँडलात लागतंय. हे इसरलं की सकाळी समदी गडीमाणसं हँडल मारून दमायची.

आनि हँडल धरताना आंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याभोवती गुंडाळायचा न्हाई. उलटा झटका आला तर मनगट जातंय. आमच्या गावात दोघांचं गेल्यालं.

काठावरचा

सगळ्यांचे आभार. फिटरसाहेब, मॅग्नेटो उतरवला. आत चिखलाचा वाळलेला गोळाच निघाला. त्यानंतर चाक चार बोटं पुढं-मागं होतंय, मग अडतंय. प्लगच्या भोकातून पाहिलं तर पिस्टनचा माथा दिसतो, बोअरला, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीला, एका बाजूनं गंजाचा पट्टा आहे. कागदावर पेन्सिल फिरवली, आकडे निघालेत. फोटो पाठवतोय.

आबा सांगायचे की या एका पंपावर चार एकर ऊस भिजायचा. दीड हॉर्सपॉवरवर हे शक्य आहे का? की आठवण फुगलेली आहे?

गणिताचा मास्तर

इथं फारसं कळत नाही, पण हिशेब करू शकतो. दीड हॉर्सपॉवर म्हणजे अकराशे वॉटच्या आसपास. पट्टा आणि पंप मिळून निम्म्याहून जास्त खातात असं धरा. एकूण उचल 40 फूट असेल तर सेकंदाला साधारण चार लिटर पाणी मिळेल. आठ तासांत सव्वा लाख लिटरच्या आतबाहेर. एक एकर उसाला एका पाळीला तीन इंच पाणी दिलं तर तीन लाख लिटर लागतात, म्हणजे एकराला अडीच-पावणेतीन दिवस. दहा-अकरा दिवसांची पाळी धरली तर चार एकर बसतात, पण इंजिन रोज चालवून, एकही दिवस बंद न ठेवता. तुमचे आबा खरं बोलत होते आणि बहुतेक झोपत नव्हते.

उद्यमनगरी फिटर

चार बोटं हललं म्हणजे बेअरिंग आणि क्रँक मोकळे आहेत. अडतंय ते पिस्टनच्या रिंगा गंजाच्या पट्ट्यावर चढतात म्हणून. आता जोर लावायचा मोह होईल. लावू नका. रिंग तुटली की तिचा तुकडा बोअर उभा कापत जातो.

आधी क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या तेलाच्या पेटीचा) खालचा बूच काढा. तेलाआधी पाणी येईल, नंतर दह्यासारखं काहीतरी. सगळं जाऊ द्या, दरवाजा उघडून आतला गाळ रॉकेल नाही तर डिझेलनं धुवा. मग प्लगच्या भोकातून डिझेल आणि गिअरचं पातळ तेल निम्मं-निम्मं ओता, एक दिवस मुरू द्या. रोज चाक मोकळं आहे तेवढंच मागं-पुढं करा, शेवटाला हलका रेटा, बास. हालचाल बोटाबोटानं वाढत जाईल. ओतलेलं खाली झिरपतं, म्हणून चालू करायच्या आधी क्रँककेसमधलं सगळं काढून ताजं तेल भरायचं.

पूर्ण फिरायला लागलं तरी हेड (सिलेंडरवरचं झाकण) काढावंच लागेल. स्टडच्या नटाला गॅसनं ऊब द्या, कोमट असताना तेल सोडा, आणि उलटं फिरवण्याआधी कणभर आवळा. गंज आवळताना तुटतो. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे, ते कोरडं खरडू नका, ओलं करून काढा. हौदात विहिरीच्या पाण्याचा क्षार थरानं बसला असेल. निंबूसत्त्व गरम पाण्यात कालवून रात्रभर ठेवा, सकाळी धुवा.

बोअर किती खाल्लाय ते हेड निघाल्यावरच कळेल. नुसता डाग असेल तर होनिंगवर, म्हणजे बोअर आतून घासण्यावर, भागेल. नख अडकेल एवढा खड्डा असेल तर लाइनर, म्हणजे आत नवी नळी. ही कामं कोल्हापुरातल्या उद्यमनगरात होतात, शोधायला लांब जावं लागणार नाही. या शहराचा फाउंड्रीचा धंदा इंजिनं आणि चरक दुरुस्त करता करताच मोठा झाला. फक्त एक करा, नवीन सीएनसीच्या शेडमध्ये जाऊ नका. जुना लेथ आणि पांढऱ्या केसांचा मेस्त्री दिसेल तिथं थांबा.

मॅग्नेटोचं: कॉइल भट्टीत किंवा चुलीजवळ वाळवायची नाही. बंद खोक्यात साठ वॉटचा बल्ब लावून सावकाश. पॉइंट साफ करून फट 0.3 मिलिमीटर, प्लगची 0.5. चुंबकाचा भाग सुटा काढून ठेवायचा असेल तर त्याच्या तोंडावर लोखंडी पट्टी टाकून ठेवा, नाहीतर जोर उतरतो. ठिणगी बारीक, पिवळट आली तर आधी कंडेन्सर बदला. कॉइल भरायचा खर्च नंतर बघू.

पंपवाला भाऊ

पंपाकडे कुणी बघेना म्हणून लिहितो. इंजिनाशी जोडण्याआधी पंपाचा शॉफ्ट हातानं फिरतो का बघा. आतला पंखा बिडाचा असेल तर गाळानं चिकटलेला असतो, केसिंग उघडून लाकडानं सोडवा. ग्लँडची, म्हणजे शॉफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या जागेची, जुनी दोरी सगळी काढून नवी ग्राफाइटची घाला, आणि पार गच्च आवळू नका, थेंब थेंब पाणी आलंच पाहिजे. सक्शन पाइपाच्या तळाच्या फुटव्हॉल्व्हचं चामडं गेलेलं असणार. ते गळत असेल तर पंप कितीही भरा, पाणी धरणार नाही. आणि पंपापासून पाण्यापर्यंत 20-22 फुटांच्या वर सक्शन ठेवू नका. कागदावर जास्त बसतं, विहिरीवर बसत नाही.

गुऱ्हाळकर

कूपरचं मागं घेतो. पण रॉकेलचं उत्तर राहिलं की.

उद्यमनगरी फिटर

नुसत्या पेट्रोलवर चालेल, काही अडचण नाही. कॉम्प्रेशन मुळात रॉकेलसाठी कमी ठेवलेलं असतं, त्याला पेट्रोल सोपंच जातं. उलट फायदा आहे. रॉकेल पूर्ण न जळता रिंगांवरून खाली उतरतं आणि क्रँककेसमधलं तेल पातळ करतं, ते दुखणं वाचेल.

भीती आहे ती आताच्या पेट्रोलची. त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. कार्बोरेटरचा फ्लोट (आत पेट्रोलवर तरंगणारा तुकडा) बुचाचा असेल तर त्यावरचा लाखेचा लेप इथेनॉलमध्ये विरघळतो, बूच पेट्रोल पितं आणि बुडतं. पितळी फ्लोट असेल तर तो कढत पाण्यात धरा. बुडबुडे आले तिथं भोक. झाळण्याआधी आतलं पेट्रोल पूर्ण उडालं पाहिजे, नाहीतर फ्लोट हातातच फुटेल. आणि प्रत्येक वेळी चालवून झालं की कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालू द्या.

रंग सगळ्यात शेवटी. खरं तर माझं ऐकाल तर देऊच नका. मूळ हिरवा कुठं कुठं दिसत असेल तर तेलाचं फडकं फिरवून तसाच राहू द्या. चकचकीत ऑइलपेंट मारलेली इंजिनं हॉटेलांच्या दारात ढिगानं आहेत.

काठावरचा

हौदाच्या मागच्या अंगाला हिरवा आहे खरा. चुलत्यांना आबांचा हिशेब वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण भंगारवाल्याला आज परत पाठवलं. क्रँककेसचा बूच उद्या काढतो. कंडेन्सर कुठला आणू?

उद्यमनगरी फिटर

जुन्या स्कूटरचा चालतो. दुकानात जाताना तुमचा जुना सोबत न्या आणि धरून बसवायची पट्टी जुळते का बघा. पट्टी जुळली नाही तर बाहेरून वायरनं जोडता येतो, पण मग मॅग्नेटोच्या अंगाला त्याची अर्थिंगची जागा चांगली घासून घ्या.