प्रसूतिपश्चात नैराश्य टाळण्यासाठी आधी काय : समुपदेशन की पैसा?

चर्चेचा मुद्दा
अल्प उत्पन्न गटातील मातांना नैराश्य आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा गरोदरपणातच गट-समुपदेशन सुरू करावे, असे माझे मत आहे. ‘रोझ’ या अमेरिकी कार्यक्रमाची चाचणी सरकारी आर्थिक मदतीवर जगणाऱ्या, धोका असलेल्या पण तेव्हा नैराश्य नसलेल्या २०५ गर्भवतींवर झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रसूतीनंतरच्या सहा महिन्यांत नैराश्य आलेल्यांचे प्रमाण समुपदेशन घेतलेल्यांत १६ टक्के, तर इतरांत ३१ टक्के होते.

प्रतिसाद १ (विरोधात)
आकडे मान्य, पण त्या १६ टक्क्यांचे काय? जिची मजुरी बाळंतपणामुळे बुडाली आहे, घरभाडे थकले आहे आणि रात्री तीनदा उठून पाजल्यावर जिला सकाळी कामावर जायचे आहे, तिला ‘मन खंबीर ठेवा’ असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. पगारी रजा आणि थेट रोख मदत आधी द्या. शिवाय सत्राला यायचे म्हणजे कामावर खाडा. तो कोण भरून देणार?

मूळ लेखिका
‘मन खंबीर ठेवा’ असे तिथे कोणी सांगत नाही. हा कार्यक्रम नातेसंबंधांवर भर देणाऱ्या उपचारपद्धतीवर बेतलेला आहे. ‘आज रात्री बाळ रडले तर पाजण्यापुरते मला उठव, बाकीचे तू बघ’ हे जोडीदाराला कसे सांगायचे, अशा प्रकारच्या संवादांचा तिथे प्रत्यक्ष सराव होतो. खाड्याचा मुद्दा मात्र रास्त आहे : सत्रे नेहमीच्या तपासणीच्या दिवशीच ठेवावीत आणि प्रवासभाडे द्यावे. रोख मदतीलाही माझा विरोध नाही. पण मारहाण करणारा जोडीदार पैशाने सुधारत नाही.

प्रतिसाद २
धोका कुणाला आहे हे आधी ओळखणाऱ्या चाळणीचे काय? प्रसूतिपश्चात नैराश्याची लक्षणे तपासणाऱ्या १९८७ च्या एडिनबरा प्रश्नावलीत गेल्या सात दिवसांविषयी दहा प्रश्न असतात आणि शेवटचा स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल असतो. खरे उत्तर दिले तर मूल काढून घेतील, या धास्तीने एखादी माता ‘कधीच नाही’ या पर्यायावर खूण करत असेल, तर धोका कुणाला आहे हे कळणार कसे? हे प्रश्न ओळखीच्या आरोग्यसेविकेने एकांतात विचारावेत. पाकिस्तानात ग्रामीण आरोग्यसेविकांनी केलेल्या समुपदेशनाने सहा महिन्यांनंतर नैराश्याचे प्रमाण ५३ ऐवजी २३ टक्के राहिले, असे २००८ मध्ये दिसून आले.

प्रतिसाद १
पाकिस्तानातील त्या स्त्रियांना गरोदरपणातच नैराश्य आलेले होते. तो उपचार झाला, प्रतिबंध नव्हे. आणि त्या आरोग्यसेविकांवर आधीच किती कामे लादलेली असतात, हेही कुणीतरी मोजावे.