जुन्या टीव्ही कार्यक्रमाची दुर्मिळ प्रत मित्राला देताना 'पुढे देऊ नका' म्हणावं का?

कृष्णधवल: टीव्हीच्या सुरुवातीच्या काळातल्या नटनट्यांवर जीव टाकणाऱ्यांची मैत्री बहुतेक वेळा एकाच वाक्यावर तुटते: 'ही प्रत फक्त तुझ्यासाठी.' माझ्या मते ही अट घालणंच चूक. त्या काळी कितीतरी कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचे आणि फीत महाग म्हणून पुसून पुन्हा वापरली जायची. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेच्या 1960 च्या दशकातल्या हरवलेल्या सगळ्या भागांचा आवाज आज उपलब्ध आहे, तो घरी टेपरेकॉर्डर लावून बसलेल्या चाहत्यांमुळे. त्यांनी टेपा कपाटात कोंडल्या असत्या तर त्यात डॉक्टर झालेल्या विल्यम हार्टनेल आणि पॅट्रिक ट्रॉटन यांचं बरंच काम कायमचं मुकं झालं असतं.

फीतवेडी: अजिबात पटलं नाही. 16 मिमी फिल्मची प्रिंट सांभाळणं म्हणजे काय, हे आधी बघा. जागा थंड आणि कोरडी हवी, डबा हवाबंद नको आणि अधूनमधून उघडून वास घ्यायचा. व्हिनेगरसारखा वास आला की अ‍ॅसिटेट, म्हणजे फिल्मचं प्लास्टिक, कुजायला लागलंय. ते रीळ त्याच दिवशी बाजूला काढायचं, कारण त्याच्या वाफेने शेजारची रिळंही लवकर खराब होतात. पुढे फिल्म आकसते, प्रोजेक्टरचे दात छिद्रांत नीट बसत नाहीत आणि छिद्रं फाटतात. एवढं जपणाऱ्याने विश्वासाने प्रत दिली आणि ती तिसऱ्याच माणसाने विकायला काढली, तर तो दार सगळ्यांनाच बंद करतो.

कृष्णधवल: आणि दार बंद असतानाच ते एकमेव रीळ कुजलं तर?

तिसरी पिढी: प्रत द्यावी की नाही यापेक्षा ती कशी दिली यावरून जास्त बिनसतं. व्हीएचएसवरून व्हीएचएस, त्यावरून आणखी एक, असं केलं की रंग ओठांबाहेर सांडतात आणि चेहऱ्यावरचे बारीक भाव पुसले जातात. घेणाऱ्याला वाटतं, चांगली प्रत मुद्दाम मागे ठेवली. म्हणून मिळेल त्यातल्या सर्वांत आधीच्या कॅसेटवरूनच डिजिटल करा. मध्ये टाइम बेस करेक्टर (चित्राच्या रेषांची वेळ सुधारणारं यंत्र) लावा, नाहीतर चित्राच्या उभ्या कडा थरथरतात. फाइल एफएफव्ही1 या दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात ठेवा, तासाला साधारण 30 ते 45 जीबी लागतात.

डीइंटरलेस, म्हणजे फील्ड जोडून पूर्ण फ्रेम करणं, मात्र करू नका, हे कळकळीने सांगतो. 625 रेषांच्या व्हिडिओत सेकंदाला 50 फील्ड (एकाआड एक रेषांची अर्धी चित्रं) असतात. त्यांच्या 25 फ्रेम केल्या की नटाच्या हालचालीतला जिवंतपणा जातो. अमेरिकेतल्या 525 रेषांच्या व्हिडिओचं 625 करूनही पाठवू नका, मूळ आहे तसंच द्या. सोबत चिठ्ठी हवीच: कोणत्या प्रतीवरून घेतलं, कितवी पिढी (मूळापासून कितवी प्रत), कुठे तुटलंय, आणि अट असेल तर तिची मुदत. 'दोन वर्षं पुढे देऊ नये, नंतर मोकळी' एवढं लिहिलं तरी पुष्कळ भांडणं टळतात.

फीतवेडी: चिठ्ठी मान्य. मुदत नाही. ती ठरवायचा हक्क देणाऱ्याचा, आणि त्याने ठरवली नाही तर दर वेळी विचारायचं. मित्राला एवढं विचारणं जड का वाटावं?

कृष्णधवल: कारण विचारायला माणूस नेहमी हयात असतोच असं नाही. 'डॉक्टर हू'मधल्या 1971 च्या 'द डीमन्स' या कथेचे बहुतेक भाग कृष्णधवल फिल्मवरच उरले होते. तेव्हाचा डॉक्टर जॉन पर्टवी त्यांत पुन्हा रंगीत दिसला, तो अमेरिकेतल्या एका घरगुती रेकॉर्डिंगमधले रंग त्या फिल्मवर चढवल्यामुळे. अशी एखादी कॅसेट अटीखाली बंद पडून राहावी, हे मला मान्य नाही.