ज्यांनी येशूचं नावच ऐकलं नाही ते पितर नरकात, असं पाळकांनी मयतीत सांगावं का?

रंगावलीकाठ:
आमच्या नवापूर तालुक्यात आणि साक्रीकडच्या पट्ट्यात कितीतरी ख्रिस्ती घरं अशी आहेत, जिथे आईबाप किंवा फार तर आजोबा पहिल्यांदा विश्वासात आले. त्यांच्या मागच्या पिढ्या आदिवासींच्या याहामोगी देवीला मानत, शेतात राबत आणि सुवार्ता कानावर न पडताच गेल्या. आता दफनविधीला काही पाळक उभे राहतात आणि बाप्तिस्मा न घेतलेले सगळे आगीत आहेत असं सांगतात. समोर मयताचे सख्खे भाऊबंद बसलेले असतात, ख्रिस्ती नसलेले. मी हजर होतो अशा एका मयतीत म्हातारी बहीण शेजारणीला विचारत होती, ‘मना बाप कथा गया मग?’ (माझा बाप कुठे गेला मग?) तिला कोणीच उत्तर दिलं नाही.

नरक नाही असं माझं म्हणणं नाही. प्रभू येशू स्वतः त्याबद्दल बोलले आहेत आणि मत्तयाच्या 25 व्या अध्यायातले शब्द कोणाला पुसता येणार नाहीत. पण अमका माणूस तिथे पोचला, हा निकाल देणं पाळकांचं काम नव्हे. रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल लिहितो की ज्यांच्याजवळ नियमशास्त्र नाही त्यांच्या अंतःकरणात ते लिहिलेलं असतं आणि त्यांचा विवेक साक्ष देतो. सदोमाचा नाश व्हायच्या आधी अब्राहामाने देवाला विचारलं होतं, सगळ्या जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही का? आपण त्या प्रश्नापाशी थांबावं.

पाळक, शहादा तालुका:
भाऊ, मी अशा मयतीत नरकाबद्दल बोलतो आणि पुढेही बोलेन. ‘मार्ग, सत्य व जीवन मीच आहे’ असं प्रभूने म्हटलं, त्यात फट ठेवली नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात पेत्र म्हणतो की तारण दुसऱ्या कोणाकडून नाही. इब्रीकरांस पत्र सांगतं, माणसाला एकदाच मरण आणि त्यानंतर न्याय. जुने मिशनरी बैलगाडीने या मुलखात फिरले, तापाने मेले, ते कशासाठी? न ऐकताही चालणार असतं तर ऐकवायचं कशाला? लूकच्या 16 व्या अध्यायातला श्रीमंत अधोलोकातून विनवतो की माझ्या पाच भावांना सावध करा. मयतीत माझ्यासमोर ते पाच भाऊ बसलेले असतात. त्यांचं मन दुखेल म्हणून मी गप्प बसलो तर ते प्रेम नव्हे.

रंगावलीकाठ:
पाळकसाहेब, तोच दाखला पुन्हा वाचा. तो श्रीमंत जिवंत होता तेव्हा लाजर नावाचा भिकारी त्याच्या दारात फोड आलेल्या अंगाने पडून होता आणि त्याने तिकडे पाहिलं नव्हतं. दाखल्यात सांगितलेला दोष एवढाच आहे. आणि भावांबद्दल अब्राहाम काय म्हणतो? त्यांच्याजवळ मोशे आणि संदेष्टे आहेत, त्यांचं त्यांनी ऐकावं. सातपुड्यातल्या आमच्या पणजोबाजवळ मोशेही नव्हता आणि संदेष्टेही नव्हते. जिवंतांना सावध करा, त्याला माझी ना नाही. मेलेल्यांना उदाहरण म्हणून वापरू नका.

भुसावळचा कॅथलिक:
आमच्याकडे याचं उत्तर बरंच स्पष्ट आहे. 1964 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लिहून ठेवलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. चर्च संतांची नावं जाहीर करतं, पण अमुक माणूस नरकात आहे असं चर्चने आजवर एकाही नावाबद्दल जाहीर केलेलं नाही. येशूला धरून देणाऱ्या यहूदाबद्दलसुद्धा नाही. 2 नोव्हेंबरला आम्ही सगळ्या मृतांसाठी प्रार्थना करतो, कारण शुद्धिस्थानातल्या, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होत असलेल्या आत्म्यांना तिचा उपयोग होतो असा आमचा विश्वास आहे.

पाळक, शहादा तालुका:
शुद्धिस्थान आमच्या 66 पुस्तकांत नाही. तुम्ही मक्काबींच्या पुस्तकाचा आधार देता, ते आम्ही शास्त्र म्हणून धरत नाही. वधस्तंभावरच्या चोराला प्रभूने ‘आज’ सुखलोकात असशील म्हटलं, मधलं ठिकाण सांगितलं नाही.

चोपड्याचा वारकरी:
मी ख्रिस्ती नाही, पण मनापासून विचारतो. आमच्या पुराणांतही नरक आहेत आणि त्यांची वर्णनं भयंकर आहेत. पण पाप भोगून संपलं की जीव तिथून सुटतो. साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्याला कधीच न संपणारी शिक्षा, हे न्यायात कसं बसतं?

शब्बाथ पाळणारी:
दादा, हाच प्रश्न आम्हा ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या ख्रिस्ती लोकांनाही पडला. उपदेशक 9:5 म्हणतं की मेलेल्यांना काही कळत नाही. बेथानीचा लाजर मेला तेव्हा येशू म्हणाले, तो झोपला आहे. म्हणजे आज कोणीच आगीत नाही, सगळे पुनरुत्थानाची वाट पाहत निजले आहेत. न्यायानंतर दुष्टांचा नाश होईल, कायमचा. प्रकटीकरणाचा 20 वा अध्याय त्यालाच दुसरं मरण म्हणतो. कायमचा छळ करणारा देव मला शास्त्रात सापडत नाही.

पाळक, शहादा तालुका:
त्याच अध्यायात सैतानाला युगानुयुग पीडा होईल असं आहे, ताई. आणि मत्तय 25:46 शिक्षा आणि जीवन दोन्हींना एकच मुदत देतं. शिक्षा संपते म्हणाल तर स्वर्गही संपेल. चर्चचा धर्मपंडित ऑगस्टीनने पाचव्या शतकात हेच दाखवलं. वारकरीदादा, पापाचं मोल ते करायला लागलेल्या वेळावर ठरत नाही, ते कोणाविरुद्ध केलं यावर ठरतं.

रंगावलीकाठ:
ऑगस्टीनच्या आधी, तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती धर्मपंडिताने शेवटी सगळेच देवाकडे परततील अशी आशा मांडली होती. चर्चने ती शिकवण पुढे नाकारली आणि मीही ती धरत नाही. सांगायचं एवढंच की शास्त्र जाणणारी, प्रभूवर प्रेम करणारी माणसं यावर पहिल्यापासून झगडत आली आहेत. मग मयतीत पाच मिनिटांत हा निकाल कसा देता येतो?

साक्रीची सून:
माझं बोलणं छोटं आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी भाऊ वडिलांच्या नावाने घागर भरतो. मी ख्रिस्ती, वडील नव्हते. आमचे पाळक म्हणतात, त्या दिवशी जाऊ नको. भाऊ म्हणतो, बापाला विसरलीस. काय करू?

रंगावलीकाठ:
ताई, जा. घागरीची पूजा करू नका, भावाला तसं आधीच सांगा, पण त्याच्याजवळ बसा. बाप कुठे आहे विचारलं तर सांगा, कोणावर अन्याय न करणाऱ्या देवाच्या हातात आहे. आणि पुरणपोळी खा. करिंथकरांस पहिलं पत्र 10:27, बोलावलं तर समोर वाढलेलं खा.

पाळक, शहादा तालुका:
पुढचं 28 वं वचनही वाचा. नैवेद्य आहे असं कोणी सांगितलं तर खाऊ नका, असं तिथेच लिहिलंय. पितरांना दाखवलेली पोळी नैवेद्यच आहे. ताई, दुसऱ्या दिवशी जा.

साक्रीची सून:
दुसऱ्या दिवशी गेले तर तो दार उघडणार नाही, पाळकसाहेब. मी त्याच दिवशी जाते. पोळीचं भावाला आधी फोन करून सांगते.