मदत हवी आहे: हिवताप आणि जंत एकत्र असताना प्रतिकारशक्तीचं काय होतं?

नमस्कार मंडळी,

मी गडचिरोली जिल्ह्यात एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. गेल्या पावसाळ्यात नऊ वर्षांची एक मुलगी तापाने फणफणलेली आली. हिवतापाच्या तपासणी किटवर फॅल्सिपेरमची (हिवतापाच्या सर्वांत घातक परजीवीची) रेघ लगेच उमटली. खालची पापणी ओढून पाहिली तर आत पांढरीफटक, हिमोग्लोबिन 6.4. लगेच पुढे पाठवलं. तिथे संडासच्या तपासणीत अंकुशकृमीची (आतड्यातल्या एका जंताची) अंडी सापडली. पोर चिखलात अनवाणी फिरणारी, अळ्या तळव्यातूनच शिरतात. त्याचं नवल नाही. नवल वाटलं ते इओसिनोफिलचं (जंत असताना वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींचं): तापात 1 टक्का, महिन्याभराने 15. हिवताप जोरात असताना ते रक्तातून घटतात आणि उपचारानंतर उसळतात, हे नंतर वाचलं. जंताची गोळी मात्र तोवर राहूनच गेली होती. ती मी त्या दिवशी दिली.

मला समजलंय ते असं. हिवतापाशी लढताना शरीर इंटरफेरॉन-गॅमा आणि टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या संदेशक प्रथिनांवर भिस्त ठेवतं, जंतांशी लढताना आयएल-4, आयएल-5 ही संदेशक प्रथिनं आणि आयजीई या प्रतिपिंडावर. त्यात जंत नियामक टी पेशी (प्रतिकार आवरणाऱ्या पेशी) आणि आयएल-10 (दाह शमवणारं प्रथिन) वाढवून सगळ्यालाच लगाम घालतात. आता या लगामामुळे हिवतापाचे परजीवी रक्तात जास्त टिकतात, की टीएनएफच्या अतिरेकातून मेंदू वाचतो? थायलंडमध्ये गोलकृमी (आतड्यातला दुसरा एक जंत) असलेल्या रुग्णांत मेंदूचा हिवताप कमी आढळला, तर सेनेगलमध्ये गोलकृमी असलेल्या मुलांत गंभीर हिवताप जास्त. इंडोनेशियात फ्लोरेस बेटावर दर तीन महिन्यांनी अल्बेंडाझोल (जंताची गोळी) दिलं, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत रक्तात परजीवी सापडण्याचं प्रमाण काही काळ वाढलं होतं.

हे सांगितल्यावर एक सहकारी म्हणाले, "मग जंत राहिलेलेच बरे की!" मला हे अजिबात पटत नाही. अंकुशकृमी आतड्यातून रक्त पितो, हिवताप तांबड्या पेशी फोडतो. ती पापणी पाहिलेला माणूस असं म्हणणार नाही.

माझी अडचण वेळेची आहे. फॅल्सिपेरमचा कोर्स चालू असतानाच 400 मिलिग्रॅमची गोळी द्यावी, की ताप उतरून पोर जेवायला लागल्यावर? आणि जंतनाशक दिनाची ऑगस्टची फेरी आमच्याकडे ऐन हिवतापाच्या हंगामात येते. फेरीनंतरच्या आठवड्यांत पॉझिटिव्ह रक्तनमुने वाढलेले कुणी पाहिलेत का? भामरागड, एटापल्लीकडे काम केलेल्यांनी आणि प्रतिकारशास्त्राच्या अभ्यासकांनी जरूर लिहा. यंदाच्या फेरीआधी मला आमच्या आशाताईंना नीट सांगायचंय.