मदत हवी आहे: जुनं सिल्व्हर नायट्रेट वापरू का?

नमस्कार मंडळी, नाशिक पंचवटीतून लिहितोय. काकांचा बंद पडलेला फोटो स्टुडिओ आवरताना तपकिरी बाटलीत सिल्व्हर नायट्रेट (फोटोच्या कामाचं चांदीचं रसायन) निघालंय, बूच घट्ट आहे पण वरवरचे खडे काळपट दिसतायत. मला त्याचे सॉल्ट प्रिंट, म्हणजे जुन्या पद्धतीने कागदावर फोटो करायचेत, कागद आधी मिठाच्या पाण्यात, वाळला की वरून याचं १२ टक्क्यांचं द्रावण ब्रशने आणि मग काचेची निगेटिव्ह ठेवून उन्हात, काकांच्या गोदाघाटाच्या निगेटिव्ह आहेत, एकेक भारी. तर काळे खडे डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून गाळून घेतले तर चालतील का? नळाचं पाणी नको, क्लोराइडने दुधाळ होतं एवढं माहितीये. उरलेल्या द्रावणात मीठ टाकून चांदीचा पांढरा साका खाली बसवेन, पण तो साका नाशिकमध्ये घेतं कोण? मोरीत तर ओतणार नाही. हातमोजे, गॉगल आणलेत, डोळ्यात गेलं तर वाट लागते. आणि आईचं वेगळंच, म्हणे चामखिळीला लाव, पूर्वी डॉक्टर लावायचे! अगं ती दवाखान्यातली कांडी वेगळी, हे स्टुडिओतलं, कातडी जाळेल. कुणी प्रत्यक्ष वापरलं असेल तर प्लीज सांगा, मेसेज केला तरी चालेल.