‘स्टेनिंग’ला मराठीत काय म्हणावं? डाग, अभिरंजन की आणखी काही?

एका विज्ञानलेखाचा अनुवाद करते आहे. उंदराच्या मेंदूचे पातळ काप ‘स्टेन’ करून पेशींच्या रचनेचा नकाशा काढला, असं वाक्य आहे. कोशात ‘डाग’ मिळाला, पण ‘कापांना डाग दिले’ हे वाचवत नाही. ‘अभिरंजन’ बरोबर असेल, पण शाळेतल्या मुलांना काय कळणार? रोजच्या वापरातला शब्द सुचवा.

प्रतिसाद १

ताई, ‘डाग’ नकोच. डाग चुकून पडतो आणि तो घालवायचा असतो. इथे रंग मुद्दाम द्यायचा आणि टिकवायचा. मी स्वतः असे काप केलेत. तेव्हा आमच्या तोंडी ‘रंग चढला’, ‘रंग बसलाच नाही’, ‘फार चढलाय, थोडा उतरव’ हेच असायचं. ही रंगाऱ्याची भाषा आहे आणि ती इथे शोभते. हिमॅटॉक्सिलिन हा ऊतींसाठीचा रंग मुळात कापड रंगवायच्या लाकडातून आला. तो नीट धरावा म्हणून तुरटी लागते, मंजिष्ठेने कापड रंगवताना लागते तशीच.

मेंदूच्या नकाशासाठी बहुधा निस्लची पद्धत वापरतात. फ्रान्झ निस्ल या जर्मन डॉक्टरने ती १८८०च्या दशकात काढली, तेव्हा तो विद्यार्थीच होता. आता त्यासाठी क्रेसिल व्हायोलेट हा जांभळा रंग वापरतात. एका मिलिमीटरचे पंचवीस भाग करावेत इतका पातळ काप काचेवर घेतला की तो ओल्या पातळ कागदासारखा दिसतो, त्यात काहीच कळत नाही. रंगात बुडवला की सगळाच जांभळा. मग अल्कोहोलातून नेताना जादा रंग निघत जातो. पेशींच्या मुख्य भागात आरएनए भरपूर, तो रंग सोडत नाही. लांब तंतूंवरचा उतरतो. अशा वेळी हिप्पोकॅम्पसची (मेंदूतल्या स्मरणाशी निगडित भागाची) वळलेली जांभळी रेघ नुसत्या डोळ्यांना दिसू लागते. कितीही वेळा पाहिली तरी मला ती बघत राहावीशी वाटते! पेशी कुठे दाट, कुठे विरळ, कुठे मोठ्या, यावरूनच थरांच्या सीमा आखतात. म्हणून ‘रंग धरणे’ हे क्रियापद हातचं जाऊ देऊ नका. रंग कोणी धरला आणि कोणी नाही, यातूनच नकाशा होतो.

प्रतिसाद २

सहमत, पण एक अपवाद. कामिल्लो गोल्जी या इटालियन शास्त्रज्ञाची १८७३ची पद्धत असेल तर ‘रंगवणे’ चालणार नाही. तिथे पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेटमुळे चांदीचा क्षार पेशीत साठतो. मोजक्याच पेशी, पण फांद्यांसकट काळ्या होतात. तिथे ‘काळ्या उमटतात’ म्हणा.

आणि ताई, ‘उंदीर’ कोणता? आपण रॅट आणि माउस दोघांनाही उंदीर म्हणतो. रॅटचा मेंदू साधारण दोन ग्रॅमचा, माउसचा अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. एकाचा नकाशा दुसऱ्याला लागू होत नाही. ‘घूस’ लिहू नका, तो वेगळाच प्राणी.

मूळ प्रश्न विचारणारी

दोघांचेही आभार. लेखात रॅट आणि क्रेसिल व्हायोलेट आहे. मग असं लिहिते: ‘रॅट जातीच्या उंदराच्या मेंदूचे पातळ काप घेऊन त्यांवर रंग चढवला; पेशींनी तो जिथे जसा धरला, त्यावरून थरांचा नकाशा काढला.’

प्रतिसाद १

छान. फक्त ‘रॅट जातीच्या’ऐवजी पहिल्या उल्लेखात ‘रॅट (मोठा उंदीर)’ करा, पुढे नुसतं ‘रॅट’.