मदत हवी आहे : कामाच्या हंगामात कादंबरीची ओढ टिकवून ठेवणाऱ्या सवयी कोणत्या?

सर्वांना नमस्कार.

मी सांगलीत राहते आणि मार्केट यार्डातील एका अडत दुकानात हिशेब लिहिण्याचे काम करते. नोकरी सांभाळून गेली काही वर्षे मी एक कादंबरी लिहीत आहे. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांत, पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवत आलेले एक कुटुंब आणि २००५ च्या महापुराचे पाणी पेवांत शिरल्यानंतर त्या घराची झालेली पडझड, हा तिचा विषय आहे. माहितीची वानवा मला कधी भासली नाही. अडचण निराळीच आहे. फेब्रुवारीपासून हळदीची आवक वाढत जाते आणि सौदे, हिशेबपट्ट्या, तोलाई-हमालीच्या नोंदी यांत मे महिना कधी सरतो ते कळत नाही. जूनमध्ये वही उघडावी, तर आपणच घडवलेली माणसे अनोळखी वाटू लागतात. लिहिण्याची इच्छा कायम असते, परंतु ज्या ओढीने जानेवारीत पान संपवले होते ती ओढ पुन्हा लागेपर्यंत पावसाळा निम्मा उलटून गेलेला असतो.

माझ्या उपयोगी पडलेल्या काही सवयी आधी सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना त्यापुढचे सांगता येईल.

कानावर पडलेले वाक्य त्याच दिवशी, बोलणाऱ्याच्या उच्चारासह उतरवून ठेवणे, ही सवय मला सर्वांत अधिक फळली आहे. पेवाचे तोंड अरुंद आणि पोट रुंद असते, आणि आत उतरण्यापूर्वी तोंड उघडून बराच वेळ तसेच ठेवावे लागते, कारण बंद पेवातल्या हवेत माणूस गुदमरतो, एवढे मला ठाऊक होते. पण यार्डातील एका वयस्कर हमालांनी बोलता बोलता “कंदील सोडायचा खाली, त्यो इझला की समजायचं, आज उतरायचं न्हाई” असे सांगितले, तेव्हा त्या माहितीत पहिल्यांदा माणूस दिसला. दोरीला कंदील बांधून पेवाच्या तोंडाशी वाकलेला, ज्योतीकडे श्वास रोखून पाहणारा एक पोरगा माझ्या कादंबरीत आला तो या एका वाक्यातून, आणि त्यानंतरची कित्येक पाने त्याच्या पाठोपाठ आली. वाक्य दुसऱ्या दिवशी लिहिले तर त्याचा अर्थ उरतो, पण लकब निघून जाते, असा माझा अनुभव आहे.

पुढचा प्रसंग मनात स्पष्ट असतानाच लेखन थांबवावे, हा दुसरा नेम. अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतीत आपण असेच करतो, असे सांगितले होते. रोज लिहिणाऱ्यासाठी हा उपाय उत्तम आहे, कारण दुसऱ्या दिवशी सुरुवात कोठून करायची हा प्रश्नच राहत नाही. मात्र त्याची ताकद रात्रीपुरती आहे. चार महिन्यांनी ती अर्धवट जागा समोर आली, की पुढे काय घडणार होते तेवढे आठवते, पण ते का लिहावेसे वाटले होते ते आठवत नाही.

याखेरीज संध्याकाळी फोन घरी ठेवून घाटावरून आयर्विन पुलापर्यंत चालत जाते. न लिहिलेले कथानक कोणालाही सांगत नाही, कारण एकदा सांगून झाले की मनाच्या लेखी ते काम संपते आणि लिहिण्याची निकड उरत नाही. रोज अमुक शब्द लिहिण्याचा नेम मात्र मला मानवत नाही. संख्या भरण्यासाठी लिहिलेली वर्णने पुढे काढूनच टाकावी लागतात.

भोवतालात काही उणे आहे, असेही नाही. गोविंद बल्लाळ देवल ज्या हरिपुरात जन्मले त्याच गावाविषयी मी लिहिते आहे, आणि संगमेश्वराच्या देवळाजवळ कृष्णा-वारणेच्या संगमाकडे पाहत बसले की काही ना काही सुचतेच. पण सुचणे वेगळे आणि सुचलेल्याविषयीची आस्था महिनोन्‌महिने टिकणे वेगळे. म्हणून नोकरी, शेती किंवा घरातील आजारपण अशा कारणांनी ज्यांना दीर्घकाळ लेखन थांबवावे लागले आहे, त्यांना माझी विनंती आहे की, त्या काळात कथेशी संबंध राहावा म्हणून आपण नेमके काय करता आणि परत आल्यावर पहिल्या आठवड्यात काय करता, ते कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद :

ताई, नमस्कार. मी कराड भागात शेती करतो आणि कथा लिहितो. उसाला तोड आली की माझेही लेखन बंद पडते, त्यामुळे आपली अडचण मला चांगलीच समजते. त्या दिवसांत मी कथा पुढे नेण्याचा आग्रह धरत नाही, पण रविवारी रात्री एखाद्या पात्राचे मला आलेले पत्र लिहितो. त्यात त्या आठवड्यात माझ्यासमोर घडलेल्या गोष्टीवर त्याचे मत असते. बांधावरून भांडण झाले, तर हा काय म्हणाला असता? ते पान कथेत जात नाही, मात्र त्याचा आवाज कानात राहतो.

परत आल्यावर मी जुने लेखन नुसते वाचत नाही, कारण वाचताना दोषच दिसतात आणि हात आखडतो. शेवटची पाच-सहा पाने दुसऱ्या वहीत हाताने पुन्हा उतरवून काढतो. वाक्यांची चाल हातात परत येते आणि बहुतेक वेळा उतारा संपण्याआधीच नवे वाक्य सुरू होते.

नेमाविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. अँथनी ट्रॉलप हे इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरीला होते. कामावर जाण्यापूर्वी पहाटे घड्याळ समोर ठेवून ते पंधरा मिनिटांत २५० शब्द लिहीत. शब्दांची अट मलाही झेपली नाही, पण वेळेची झेपली. हंगामात पहाटेची पंधरा मिनिटे वहीसमोर बसावे. काही न लिहिताच उठलो तरी चालेल, एवढीच अट ठेवावी.

धागाकर्ती :

दादा, इतक्या आपुलकीने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. उतरवून काढण्याची युक्ती मी येत्या जूनमध्ये निश्चितच अवलंबणार आहे, आणि पंधरा मिनिटांची अट सौद्याच्या दिवसांतही पाळता येईल असे वाटते. पत्रांविषयी मात्र एक शंका आहे. कथानक तोंडी सांगितल्यावर लिहिण्याची निकड जशी संपते, तशी ती पात्राच्या पत्रांनीही संपत नाही का? आपण पत्रात कथेतील पुढच्या घटनांचा उल्लेख मुद्दाम टाळता का, हे कृपया सांगावे.